आयसीयूची खाट नर्सवरून मोजा

एखाद्या रुग्णालयाची क्षमता सांगायची वेळ आली की अतिदक्षता विभागात खाटा किती ते सांगितलं जातं आणि त्यापाठोपाठ व्हेंटिलेटरची संख्या. उद्घाटनाच्या बातमीत हेच दोन आकडे, वार्षिक अहवालात हेच आणि साथीच्या दिवसांत रोज संध्याकाळी जाहीर होणाऱ्या माहितीतही हेच. रात्रपाळीला त्या खाटांपाशी किती प्रशिक्षित नर्स असतात हा आकडा मात्र कुठे छापलेला नसतो आणि तो कुणी विचारतही नाही. माझं म्हणणं सरळ आहे. ज्या खाटेला दिवसाच्या आणि रात्रीच्या प्रत्येक पाळीत अतिदक्षतेचं प्रशिक्षण घेतलेली नर्स नेमून दिलेली नाही, ती खाट अतिदक्षतेची म्हणून मोजू नये, तिच्यावर तसा रुग्ण ठेवू नये आणि त्या नावाने तिचं बिलही लावू नये. (नर्स म्हणताना ब्रदरही त्यात आलेच. लिहिण्याच्या सोयीसाठी पुढे स्त्रीलिंगी रूप वापरते आहे.)

या विभागाची सुरुवात कशी झाली ते पाहिलं तर ही मागणी नवी वाटणार नाही. 1952 च्या उन्हाळ्यात कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ पसरली. तिथल्या ब्लेगडॅम रुग्णालयात श्वासाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण रोज येऊ लागले, त्यांत मुलं पुष्कळ. श्वास देणारी यंत्रं बोटांवर मोजण्याइतकी होती. श्वसन निकामी झालेल्या दहांपैकी जवळजवळ नऊ जण दगावत होते. ऑगस्टच्या शेवटी ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने एका 12 वर्षांच्या मुलीच्या गळ्याला छेद देऊन नळी बसवायला लावली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास दिला. मुलगी जगली. मग हाच उपाय सगळ्यांना करायचा ठरला आणि पुढचा प्रश्न लगेच उभा राहिला, तो म्हणजे या पिशव्या रात्रंदिवस दाबणार कोण? वैद्यकीय शिक्षण घेणारे सुमारे 1500 विद्यार्थी पाळ्या लावून बसले. नर्सेस होत्याच. महिनोन्महिने प्रत्येक खाटेशी एक माणूस, एक क्षणही न हलता. मृत्यूचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. पुढच्या वर्षी, डिसेंबर 1953 मध्ये, इब्सेन यांनी त्याच शहरात गंभीर रुग्णांसाठी जो स्वतंत्र कक्ष सुरू केला, तो जगातला पहिला अतिदक्षता विभाग मानला जातो.

त्या साथीत नवीन औषध निघालं नव्हतं. पिशवी आणि नळी भूलशास्त्रात आधीपासून वापरात होती. नवीन होतं ते एवढंच की एका रुग्णापाशी एक शिकवलेला माणूस अखंड थांबेल अशी व्यवस्था कुणीतरी उभी केली. पिशवी दाबण्याचं काम पुढे यंत्राने उचललं, ते चांगलंच झालं. पण त्या विद्यार्थ्याचं दुसरं काम, म्हणजे मुलाच्या चेहऱ्याकडे पाहत बसणं, ओठांचा रंग बदलला की ओळखणं, नळीत कफ अडकला की तो काढणं, घाबरलेल्या डोळ्यांना धीर देणं, हे यंत्राकडे गेलं नाही. ते नर्सकडे आलं. आणि अतिदक्षता म्हणजे मुळात तेच काम आहे.

बाहेरच्या माणसाला या कामाची कल्पना नसते, म्हणून थोडं सविस्तर सांगते. व्हेंटिलेटरवरचा एक रुग्ण घ्या, जंतुसंसर्गाने ज्याचा रक्तदाब कोसळला आहे, म्हणजे जो शॉकमध्ये आहे. त्याचा रक्तदाब नॉरअ‍ॅड्रेनलिनच्या पंपावर टिकून आहे. या औषधाचा परिणाम मिनिटा-दोन मिनिटांत ओसरतो. म्हणजे सिरिंज संपत आली की दुसरी भरून, दुसऱ्या पंपावर चढवून, तिचा प्रवाह सुरू झाल्याची खात्री करून मगच पहिली काढायची. शेजारच्या खाटेवर धावपळ चालली आहे म्हणून ही सिरिंज पाच मिनिटं रिकामी राहिली, तर दाब कोसळतो. धमनीतल्या नळीचा ट्रान्सड्यूसर, म्हणजे रक्तदाब मोजून पडद्यावर पाठवणारं उपकरण, हृदयाच्या पातळीला असावा लागतो. कुणी खाट वर केली आणि तो 10 सेंटिमीटर खाली राहिला, तर पडद्यावर दाब सात-आठ अंकांनी जास्त दिसतो. आकडा पाहून कुणीतरी औषध कमी करतो, आणि खरा दाब आधीच कमी असतो. ही चूक यंत्र दाखवत नाही. खाट हलली हे ज्या नर्सने पाहिलं तिलाच ती कळते.

त्याच तासात श्वासनळीतली ट्यूब ओठांपाशी किती सेंटिमीटरवर आहे ते पाहायचं, तिच्या फुग्यातला दाब 20 ते 30 सेंटिमीटर पाण्याइतका आहे ना ते तपासायचं, कारण कमी झाला तर लाळ फुप्फुसात उतरते आणि जास्त झाला तर श्वासनळीचं अस्तर दुखावतं. सक्शन करायचं, पण नेमाने दर तासाला म्हणून नाही, छातीत कफ वाजतो आहे तेव्हा. तोंड स्वच्छ करायचं. गुंगीत पापण्या पूर्ण मिटत नाहीत, बुबुळ कोरडं पडतं, म्हणून डोळ्यांत मलम घालायचं. लघवी मोजायची. डोळ्यांच्या बाहुल्या पाहायच्या. दर दोन तासांनी कूस बदलायची आणि तेव्हा टाचा, माकडहाड, कानांच्या मागचा भाग, ट्यूबची पट्टी जिथे गालाला घासते ती जागा, सगळं बघून घ्यायचं. रुग्ण बेशुद्ध असला तरी त्याला नावाने हाक मारून सांगायचं की आता कूस बदलते आहे, आता थोडं दुखेल. आणि हे सगळं लिहून ठेवायचं.

या कामातून काय दिसतं? काही न घडणं दिसतं. बेडसोअर झाला नाही, ट्यूब निघाली नाही, न्यूमोनिया झाला नाही, दाब पडला नाही. शस्त्रक्रियेची नोंद होते, औषधाची नोंद होते, टळलेल्या संकटाची नोंद कोणत्याच रजिस्टरमध्ये होत नाही. बहुतेक ठिकाणी बिलात व्हेंटिलेटरचं शुल्क वेगळं लागतं, मॉनिटरचं वेगळं लागतं आणि नर्सची सेवा मात्र खाटेच्या भाड्यात मुरवलेली असते. ज्याची वेगळी ओळच नाही त्यात कपात करणं फार सोपं जातं. व्हेंटिलेटर कमी केला तर सगळ्यांना दिसेल, रात्रीच्या चार नर्सच्या तीन केल्या तर पगारपत्रकाबाहेर कुठेही दिसणार नाही.

या सेवेला आपण अजूनही उपचाराच्या आसपासची गोष्ट मानतो, उपचार नाही. डॉक्टर उपचार करतात आणि सिस्टर काळजी घेतात, अशी वाटणी मनात घट्ट बसली आहे. अतिदक्षता विभागात ती टिकत नाही. 2013 साली फ्रान्समधल्या संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. फुप्फुसांची अवस्था फार बिकट असलेल्या, व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांना रोज किमान 16 तास पालथं झोपवलं. पाठीवर ठेवलेल्या गटात 28 दिवसांत 32.8 टक्के रुग्ण मरण पावले, पालथं झोपवलेल्या गटात 16 टक्के. मृत्यू अर्ध्यावर. एखाद्या औषधाने हे केलं असतं तर त्याचं नाव शाळेतल्या मुलांनाही पाठ झालं असतं. पण हे औषध म्हणजे तीन-पाच माणसांचे हात आहेत. एक जण डोक्याशी ट्यूब धरून, बाकीचे दोन बाजूंना, सगळ्या नळ्या मोकळ्या करून, एका तालात रुग्णाला उलटं करायचं. मग कपाळ, गाल, हनुवटी, छाती, गुडघे यांच्यावर भार कुठे येतो ते बघत राहायचं, मान ठरावीक वेळाने दुसरीकडे वळवायची. त्या चाचणीत भाग घेतलेल्या विभागांना या पद्धतीचा वर्षानुवर्षांचा सराव होता. जिथे रात्री पाच जण एका खाटेशी जमूच शकत नाहीत, तिथे हा उपचार उपलब्ध नाही असंच म्हणावं लागेल, मग भिंतीवर कितीही महागडी यंत्रं टांगलेली असोत.

गुंगीच्या औषधांचं उदाहरण तर मला याहून जास्त अस्वस्थ करतं. 2000 साली शिकागोतल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाची गुंगी रोज एकदा थांबवून त्याला जागं होऊ दिलं, तर यंत्रावरचे दिवस कमी होतात. त्यांच्या अभ्यासात या दिवसांचा मध्यक, म्हणजे मधोमधच्या रुग्णाचा आकडा, 7.3 वरून 4.9 वर आला. 2009 मध्ये आणखी एका अभ्यासात जागं करण्याबरोबर पहिल्या दिवसांपासून हातपाय हलवणं, बसवणं, उभं करणं सुरू केलं. घरी जाताना स्वतःचं स्वतः करू शकणाऱ्यांचं प्रमाण 35 टक्क्यांवरून 59 टक्क्यांवर गेलं. हे सगळं आता पाठ्यपुस्तकात आहे. मग सगळीकडे होत का नाही?

कारण गुंगी उतरलेला माणूस भांबावलेला असतो. घशात नळी आहे, बोलता येत नाही, दिवस की रात्र कळत नाही. त्याचा हात पहिल्यांदा नळीकडेच जातो. त्या क्षणी शेजारी नर्स असेल तर ती हात धरते, डोळ्यांसमोर येते, कुठे आहात ते सांगते, पाचव्यांदा सांगते, दहाव्यांदा सांगते, आणि अर्ध्या तासाने तो शांत होतो. ती तीन रुग्णांमध्ये वाटली गेली असेल तर तिच्यापुढे दोनच मार्ग उरतात. गुंगी पुन्हा वाढवायची किंवा मनगटं खाटेच्या दांडीला बांधायची. कागदोपत्री कारण लिहिलं जातं की रुग्ण अस्वस्थ होता. खरं कारण माणसं कमी होती हे असतं, आणि ते लिहायला फॉर्मवर रकाना नसतो. अपुऱ्या मनुष्यबळाचं रूपांतर असं औषधाच्या मात्रेत आणि हाताच्या पट्ट्यांत होतं. जास्त गुंगी म्हणजे जास्त दिवस यंत्रावर, स्नायू झिजणं, भ्रम, आणि घरी गेल्यावरही महिनोन्महिने दुःस्वप्नं. अतिदक्षतेतून वाचलेल्या माणसांच्या या शारीरिक आणि मानसिक दुखण्यांना वैद्यकशास्त्राने गेल्या दीड दशकात स्वतंत्र नाव दिलं आहे. त्या दुखण्याचा एक भाग आपण वाचवू शकलो असतो, हे मात्र मोकळेपणाने कुणी बोलत नाही.

इथे एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. युरोपातल्या, विशेषतः उत्तरेकडच्या देशांतल्या अनेक विभागांत नर्स बेशुद्ध रुग्णाची रोजनिशी लिहितात. साध्या भाषेत चार ओळी. आज तुमची बहीण येऊन गेली, आज पहिल्यांदा तुम्ही डोळे उघडलेत, खिडकीबाहेर पाऊस होता. रुग्ण बरा झाला की ती वही त्याला देतात, कारण त्याच्या आयुष्यातले ते दिवस गळालेले असतात आणि त्या रिकाम्या जागेत भ्रमातली भीतिदायक चित्रं बसलेली असतात. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या सहा युरोपीय देशांतल्या अभ्यासात, वही मिळालेल्यांपैकी सुमारे 5 टक्क्यांना आणि न मिळालेल्यांपैकी 13 टक्क्यांना नव्याने आघातोत्तर मानसिक त्रास झाल्याचं आढळलं. वही आणि पेन यांचा खर्च तो काय? पण चार ओळी लिहायला दहा मिनिटं लागतात आणि ती दहा मिनिटं मोकळी असलेली नर्स लागते.

नर्सची संख्या आणि मृत्यू यांचा संबंध हा आता मताचा विषय राहिलेला नाही. नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या 168 रुग्णालयांचा अभ्यास 2002 मध्ये मांडला. एका नर्सच्या वाट्याला एक रुग्ण जास्त आला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या 30 दिवसांतल्या मृत्यूची शक्यता 7 टक्क्यांनी वाढलेली दिसली. 2014 मध्ये नऊ युरोपीय देशांतल्या चार लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदींतून जवळजवळ तोच आकडा पुन्हा आला. त्याबरोबर हेही दिसलं की पदवीधर नर्सचं प्रमाण 10 टक्क्यांनी जास्त असेल तर मृत्यूची शक्यता साधारण तेवढ्याच, म्हणजे 7 टक्क्यांनी कमी असते. हे अभ्यास वॉर्डातल्या शस्त्रक्रियांच्या रुग्णांचे आहेत आणि निरीक्षणात्मक आहेत, म्हणजे प्रयोग न करता नुसत्या नोंदींवरून केलेले, हे मान्य. पण जो रुग्ण जेवतो, बोलतो, बेल वाजवून बोलावू शकतो, त्याच्याही जिवावर एका जादा रुग्णाचा भार बेततो, तर जो बेल वाजवूच शकत नाही त्याचं काय, हे समजायला वेगळ्या चाचणीची वाट पाहावी असं मला वाटत नाही.

विरोधातला पुरावाही आहे आणि तो बाजूला सारणं योग्य नाही. अमेरिकेतल्याच मॅसॅच्युसेट्स राज्याने 2014 मध्ये कायदा करून अतिदक्षता विभागात एका नर्सला एक, फार तर दोन रुग्ण असं बंधन घातलं. नंतरच्या अभ्यासात मृत्यू किंवा गुंतागुंती यांत म्हणावा तसा फरक आढळला नाही. कायद्याने काही होत नाही असं सांगणारे हा अभ्यास हमखास पुढे करतात. मात्र तिथे कायद्याआधीच एका नर्समागे सरासरी दीडपेक्षा कमी रुग्ण होते. कायद्याने ती सरासरी किंचितच खाली आली. म्हणजे ज्यांच्याकडे नर्स पुरेशा होत्या त्यांना आणखी थोड्या देऊन फारसा फायदा झाला नाही, इतकंच यातून सिद्ध होतं. जिथे एकीला तीन किंवा चार व्हेंटिलेटरचे रुग्ण दिले जातात तिथलं त्यातून काहीच सिद्ध होत नाही. मी किमान मर्यादा मागते आहे, आणि किमान मर्यादेचा उपयोग तिच्याखाली असलेल्यांनाच होणार.

ही मर्यादा किती असावी याबद्दल जगात फार गोंधळ नाही. ब्रिटनमधली मार्गदर्शक तत्त्वं व्हेंटिलेटरवरच्या किंवा एकाहून अधिक अवयव निकामी झालेल्या रुग्णाला एक नर्स सांगतात, थोड्या स्थिर रुग्णांना दोनांमागे एक. कॅलिफोर्नियात दोनांमागे एक ही कायद्याची मर्यादा आहे आणि ती सदासर्वकाळ पाळायची आहे. नर्स जेवायला गेली तरी तिच्या जागी दुसरी हवी. हा बारकावा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण अनेक अनर्थ त्या अर्ध्या तासातच घडतात जेव्हा "जरा माझ्याकडे लक्ष ठेव" म्हणून एक जण गेलेली असते. जर्मनीने 2019 मध्ये दिवसा अडीच आणि रात्री साडेतीन रुग्णांमागे एक नर्स अशी सीमा आखली, 2021 मध्ये ती दिवसा दोन आणि रात्री तीन केली. सुधारणा झाली, पण रात्रीसाठी वेगळी सूट का? फुप्फुसं निकामी झालेला माणूस रात्री कमी आजारी नसतो. रात्री डॉक्टर कमी असतात, तपासण्या उशिरा मिळतात, नातेवाईक जवळ नसतात. नर्सची गरज खरं तर तेव्हा वाढते.

नुसती डोकी मोजून भागणार नाही, हेही त्याच दमात सांगायला हवं. वॉर्डातून ऐनवेळी उचलून आणलेली नर्स कागदावर एक भरते. पण तिने ट्यूब बंद होताना कधी पाहिलेली नाही, व्हेंटिलेटरच्या पडद्यावरचा आलेख तिला वाचता येत नाही, आणि हे तिलाही ठाऊक असल्यामुळे ती बारा तास भेदरलेली असते. तिच्यावर आणि रुग्णावर दोघांवरही हा अन्याय आहे. ब्रिटनच्या निकषांत विभागातल्या किमान निम्म्या नर्सनी अतिदक्षतेचं वेगळं शिक्षण पूर्ण केलेलं असावं असं म्हटलं आहे. शिवाय पाळीची समन्वयक नर्स रुग्णाविना मोकळी असावी, म्हणजे ती नव्यांच्या मदतीला जाऊ शकेल, असंही आहे. इनचार्ज सिस्टरला स्वतःचे दोन रुग्ण देऊन वर सगळ्या विभागाची जबाबदारी टाकणं ही पद्धत इतकी रुळली आहे की त्यात काही चूक आहे असं वाटेनासं झालं आहे. पाळीच्या लांबीचंही तेच. 2004 मध्ये अमेरिकन नर्सच्या एका अभ्यासात साडेबारा तास किंवा त्याहून लांब पाळीत चूक होण्याची शक्यता तिप्पट आढळली. बारा तासांची पाळी, हँडओव्हर, अपूर्ण राहिलेलं लिखाण, म्हणजे साडेबारा सहज ओलांडतात.

यंत्रं हुशार होत आहेत, दूरच्या खोलीत बसलेला तज्ज्ञ एकाच वेळी तीस पडदे पाहू शकतो, संगणक बिघाडाचा अंदाज तासभर आधी देईल, मग इतक्या नर्स कशाला, असा युक्तिवाद आता जोर धरतो आहे. मी यंत्रांच्या विरोधात नाही. पण पडदे काय करतात ते मोजलं गेलं आहे. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका विद्यापीठ रुग्णालयात पाच अतिदक्षता विभागांतल्या 77 खाटांवर 31 दिवस मॉनिटरच्या सूचना नोंदवल्या, त्या पंचवीस लाखांहून अधिक भरल्या. ऐकू येणारे अलार्म दर खाटेला दिवसाला 187. हृदयाच्या ठोक्यांविषयीच्या ज्या अलार्मची छाननी केली त्यातले दहापैकी जवळजवळ नऊ खोटे निघाले. 2014 मध्ये हे प्रसिद्ध झालं. म्हणजे यंत्र जितकं जास्त बोलेल तितका ते खरं बोलतं आहे का हे ठरवणारा माणूस जास्त लागतो. कुशीवर झाल्यामुळे वायर सुटली की हृदय खरंच थांबलं, हे खाटेपाशी जाऊन नाडीला हात लावणारीच ठरवते. तीन खाटांची जबाबदारी असलेली नर्स हळूहळू अलार्म न ऐकायला शिकते. तिला दोष देऊ नका, एवढ्या गोंगाटात कुणाचाही मेंदू तेच करेल.

संख्येबरोबर तिच्या शब्दाला वजनही हवं. मिशिगन राज्यातल्या शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांत मध्यवर्ती शिरेतल्या, म्हणजे हृदयाकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेत घातलेल्या नळीमुळे होणारे संसर्ग थांबवण्यासाठी पाच साध्या गोष्टींची यादी लागू केली गेली. हात धुणं, पूर्ण निर्जंतुक आवरणं, क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने त्वचा साफ करणं, शक्यतो जांघेतली शीर टाळणं, गरज संपली की नळी काढणं. 2006 मध्ये निष्कर्ष आले. हजार नळी-दिवसांमागे (एका रुग्णाला एक दिवस नळी असली की एक नळी-दिवस) संसर्गांचा मध्यक 2.7 होता, तीन महिन्यांत तो शून्यावर आला आणि पुढेही टिकला. या यादीची गोष्ट सगळे सांगतात. तिच्यातला कळीचा भाग कमी सांगितला जातो. यादीतली पायरी गाळली गेली तर डॉक्टरला थांबवण्याचा अधिकार नर्सला दिला होता, आणि प्रशासन तिच्या पाठीशी राहील हे आधीच सांगितलं होतं. यादी कुठेही छापून लावता येते. "थांबा, हात धुतले नाहीत" असं म्हटल्यावर ज्या नर्सला दुसऱ्या दिवशी बोलावून झापलं जातं, तिथे यादीचा कागद भिंतीवरच राहतो.

आता सगळ्यात कठीण आक्षेप. नर्स आणणार कुठून? जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या अहवालाने जगात सुमारे 2 कोटी 79 लाख नर्स आणि 59 लाखांची तूट सांगितली होती. अशा स्थितीत मर्यादेचा हट्ट धरला तर खाटा बंद कराव्या लागतील, आणि दारात आलेला रुग्ण परत पाठवावा लागेल. तीन रुग्णांमागे एक नर्स असलेली खाट ही खाट नसण्यापेक्षा बरी नाही का?

एखाद्या रात्री, एखाद्या आपत्तीत, बरी आहे. भूकंप झाला, साथ उसळली, तर मर्यादा सैल होणारच आणि नर्स त्या रात्री काम करतातच, त्यांना सांगावं लागत नाही. पण ती आपत्ती म्हणून जाहीर व्हावी, तिची तारीख लागावी आणि ती संपावी. आपल्याकडे चालतं ते वेगळं. आपत्तीतली विभागणी हळूच रोजची होते. मग तिथे काम करणाऱ्या नर्सचं काय होतं ते पाहा. अँड्र्यू जेमटन या तत्त्वज्ञाने 1984 मध्ये नर्सच्या एका विशिष्ट यातनेकडे लक्ष वेधलं होतं. योग्य काय ते माहीत आहे, करायची इच्छा आहे, आणि संस्थेची रचना ते करू देत नाही. रोज घरी जाताना मनात न बदललेली कूस असते, न दिलेला धीर असतो, बांधलेली मनगटं असतात. अशी नर्स दोन-तीन वर्षांत हा विभाग सोडते. अनेकदा व्यवसायच सोडते. तिच्या जागी नवखी येते, जुन्यांवरचा भार वाढतो, त्यांतली आणखी एक जाते. तूट आकाशातून पडलेली नाही. तिचा मोठा भाग आपण या पद्धतीने रोज तयार करतो आहोत. एकेनच्या 2002 च्या अभ्यासात प्रत्येक जादा रुग्णामागे नर्सच्या थकून कोलमडण्याची शक्यता 23 टक्क्यांनी वाढलेली होती, हे मृत्यूच्या आकड्याच्या शेजारी ठेवून वाचावं. कोविडच्या साथीत व्हेंटिलेटर काही महिन्यांत विकत आणता आले. ते चालवणारी नर्स काही महिन्यांत विकत मिळत नाही, तिला घडायला वर्षं लागतात. आणि घडलेली टिकवणं हे नवीन घडवण्याहून कितीतरी स्वस्त आहे.

खाटा बंद होतील ही भीती मला मान्य आहे, पण त्या खाटा कागदावरच उघड्या होत्या हेही मान्य व्हावं. दहा खाटांच्या विभागात आज रात्री तीनच प्रशिक्षित नर्स असतील, तर तिथे खऱ्या अर्थाने पाच-सहा खाटा आहेत. हे उघडपणे मांडलं तर सरकारला, विम्याला, रुग्णालयाच्या मालकाला तूट दिसेल आणि ती भरण्याचा दबाव येईल. दहाचा आकडा तसाच ठेवला तर तूट रुग्णाच्या अंगावर सोसली जाते आणि ज्यांनी ती भरून काढायची त्यांना ती कधी दिसतच नाही.

म्हणून माझ्या मागण्या मोठ्या योजनेच्या भाषेत नाहीत. प्रत्येक अतिदक्षता विभागाच्या दाराशी, प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला, रुग्ण किती आणि अतिदक्षतेचं प्रशिक्षण घेतलेल्या नर्स किती, हे दोन आकडे लिहिले जावेत. रुग्णालयाच्या परवान्यात खाटांची संख्या यंत्रांवरून ठरू नये, वर्षभराच्या हजेरीपटावरून ठरावी, रात्रपाळीसकट. पाळीच्या इनचार्ज नर्सला नवीन रुग्ण घेण्यास लेखी नकार देण्याचा अधिकार असावा आणि तो डावलायचा असेल तर डावलणाऱ्याने स्वतःच्या नावाने कारण लिहावं. बिलात नर्सच्या सेवेची ओळ वेगळी असावी, म्हणजे कोणत्या दिवशी किती तासांची सेवा मिळाली ते रुग्णाला वाचता येईल.

यावर एक उत्तर हमखास येतं, की असे आकडे दाराशी लावले तर नातेवाईक घाबरतील. नातेवाईक आजही संमतीपत्रावर सही करतात. त्यात रक्तस्राव, संसर्ग, हृदय बंद पडणं, मृत्यू, सगळं स्वच्छ लिहिलेलं असतं आणि ते वाचून दाखवणं हे आपण कर्तव्य मानतो. त्याच कागदावर, त्याच अक्षरात, आज रात्री तुमच्या माणसाची नर्स आणखी किती रुग्णांना सांभाळणार आहे, ही एक ओळ असायला हवी.